डॅनियल बूनचे वंशज? केंटकीच्या सरहद्दीवरच्या एका घराण्याचा माग

नदीपलीकडे

नमस्कार मंडळी. लेक मिसूरीत दिली आहे. तिच्या सासूबाई माहेरच्या बून, आणि त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की आपण डॅनियल बूनच्या थेट वंशातले. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत नातवाने पाहिला आणि विचारलं, आजी, दुसऱ्या बाजूचा असा का नाही? विहीणबाईंनाही ते लागलं. म्हणून आम्ही दोघी मिळून शोध घ्यायचं ठरवलंय.

हाती आहे ते असं. एका जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी आहेत. त्यातली सगळ्यात जुनी नोंद विहीणबाईंच्या खापरपणजोबांची: जन्म 1834, केंटकी. नावही डॅनियलच. त्याच्या आईवडिलांबद्दल अवाक्षर नाही. इथून वर कसं जायचं? अमेरिकेतल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांनी हात घातलाय त्यांनी कृपया सांगावं.

कुतूहल

आधी कोणीतरी हा बून कोण ते थोडक्यात सांगा ना. नाव ऐकलंय, पण गोष्टीतला की खरा, तेच माहीत नाही.

दप्तरी

अगदी खरा. जन्म 1734, पेनसिल्व्हेनियातल्या ओली खोऱ्यात. आजचं रेडिंग शहर तिथून जवळ. वडील स्क्वायर बून विणकर आणि लोहार, आई सेरा मॉर्गन वेल्श घराण्यातली, दोघंही क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. अकरा भावंडांत हा सहावा. 1750 मध्ये सगळं बिऱ्हाड तिथून निघालं आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या यॅडकिन नदीच्या खोऱ्यात जाऊन राहिलं. 1756 मध्ये रिबेका ब्रायनशी लग्न. 1775 मध्ये माणसं घेऊन कंबरलँड खिंडीतून केंटकीपर्यंत वाट काढली आणि बून्सबरोची गढी उभारली. 1799 मध्ये मिसूरीत गेला. तेव्हा तो मुलूख स्पेनच्या अमलाखाली होता. 26 सप्टेंबर 1820 रोजी धाकटा मुलगा नेथनच्या घरी वारला. 1784 मध्ये जॉन फिल्सनने केंटकीवर पुस्तक लिहिलं, त्यात बूनची हकीकत छापली आणि माणूस जिवंतपणीच प्रसिद्ध झाला.

धागाकर्तीताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. जरा मोठं लिहितोय.

वंशावळीचा शोध नेहमी आपल्यापासून मागे जातो. प्रसिद्ध माणसापासून खाली उतरत आलं की प्रत्येक पिढीत आपल्याला हवं ते नाव सापडतंच, आणि बूनच्या बाबतीत तर हमखास. याचं कारण त्याच्या आजोबांच्या काळातच आहे. जॉर्ज बून 1717 मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच गावाहून बायकोमुलांसह पेनसिल्व्हेनियात आला. त्याआधी त्याने मोठ्या मुलांना मुलूख बघायला पुढे पाठवलं होतं. जॉर्ज 1744 मध्ये वारला तेव्हा 8 मुलं, 52 नातवंडं आणि 10 पणतवंडं अशी 70 माणसं मागे होती. घराण्यातल्याच जेम्स बूनने 1788 मध्ये वंशावळ लिहून काढली, तिच्यात हा हिशेब आहे. या सत्तरांत जॉर्ज, जॉन, जेम्स, जोसेफ, सॅम्युअल हीच नावं पुन्हा पुन्हा येतात. नुसत्या नावावरून नातं जोडणारा माणूस इथे तासाभरात भलत्याच फांदीवर जाऊन बसतो.

आता डॅनियलची स्वतःची मुलं बघू. एकूण दहा. थोरला जेम्स 1773 मध्ये, सोळा वर्षांचा असताना, केंटकीच्या वाटेवर मारला गेला. दुसरा इझ्राएल 1782 मध्ये केंटकीतल्या ब्लू लिक्सच्या लढाईत वडिलांच्या डोळ्यांदेखत पडला. दोघंही अविवाहित. विल्यम तान्हेपणीच गेला. राहिले तीन मुलगे: डॅनियल मॉर्गन, जेसी ब्रायन आणि नेथन. म्हणजे ज्याचं आडनाव बापाकडून बापाकडे चालत आलेलं बून आहे आणि जो स्वतःला डॅनियलचा वंशज म्हणतो, त्याची वाट या तिघांपैकी एकातूनच गेली पाहिजे. चौथी वाट नाही.

आणि हे तिघंही मिसूरीत गेले. डॅनियल मॉर्गन आणि नेथन 1800 च्या आधी. जेसी सर्वांत शेवटी, पण तोही 1820 मध्ये वारला तो मिसूरीतच.

तुमच्या विहीणबाईंचे खापरपणजोबा 1834 मध्ये केंटकीत जन्मले. त्या साली केंटकीत असलेले बून बहुतेक डॅनियलच्या भावांच्या किंवा चुलतभावांच्या वंशातले. सॅम्युअल, जॉर्ज, एडवर्ड, स्क्वायर या भावांचे कुटुंबकबिले केंटकीत आले होते. घरातली गोष्ट सपशेल खोटी असेल असं मी म्हणत नाही. पण ‘डॅनियलचे वंशज’ ऐवजी ‘डॅनियलच्या भावाचे वंशज’ असं निघण्याची तयारी ठेवा. विहीणबाईंनाही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे पुढे मन खट्टू व्हायला नको.

नदीपलीकडे

दप्तरीकाका, मनापासून आभार. विहीणबाईंना वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, जे खरं असेल ते लिहायचं.

पैठणकर

वा! विहीणबाईंना माझा नमस्कार कळवा.

लेक्सिंग्टनकर

मी बरीच वर्षं केंटकीत राहतोय. बून्सबरोची गढी इथून तासाभरावर, मूळ जागेजवळ नव्याने बांधलेली आहे. दप्तरींनी दिशा दाखवली आहेच. मी कागदांबद्दल लिहितो.

जनगणनेपासून सुरुवात करा. 1850 ची जनगणना ही घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिणारी पहिली. त्याआधीच्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांच्या वयोगटाप्रमाणे आकडे. तुमचे डॅनियल 1850 मध्ये सोळाच्या आसपास असणार, म्हणजे बहुधा आईवडिलांच्या घरीच. पण नातं लिहायला सुरुवात झाली 1880 पासून. 1850 च्या पानावर एका छताखाली आडनाव सारखं दिसलं म्हणून तो मुलगाच असं धरू नका, पुतण्या किंवा नातूही असू शकतो. केंटकीची 1790 आणि 1800 ची जनगणना तर आज शिल्लकच नाही. तिथे करवसुलीच्या याद्यांवर भागवावं लागतं.

जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदींवर फार विसंबू नका. केंटकीत 1852 मध्ये कायदा झाला, पण अंमलबजावणी अधूनमधूनच. राज्यभर नीट सुरुवात झाली ती 1911 मध्ये. मिसूरीत 1910 पासून. तुमच्या विहीणबाईंचे पणजोबा मिसूरीत 1910 नंतर वारले असतील तर त्यांचा मृत्यूदाखला राज्याच्या दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळेल. त्यात आईवडिलांची नावं आणि जन्मठिकाण असतं. मात्र ही माहिती देणारा कोण, तेही त्याच कागदावर असतं, ते जरूर वाचा. दुःखात असलेल्या सुनेला आजेसासूचं माहेरचं नाव कितपत आठवणार?

लग्नाचे जामीनखतही काढा. केंटकीत नवरदेवासोबत आणखी कोणीतरी जामीन राहायचा, आणि तो बऱ्याचदा मुलीचा बाप किंवा भाऊ असे. मुलगी एकवीस वर्षांच्या आतली असेल तर बापाच्या संमतीची चिठ्ठी सोबत. पुष्कळदा त्या चिठ्ठीवर बापाची फुलीच असते, सही नाही. मी स्वतः अशा चिठ्ठ्या हाताळल्यात. तळहाताएवढा कागद, चार घड्या, आणि त्यावर एका बापाने लेकीला दिलेला होकार.

शेवटचं, आडनाव. डॅनियल स्वतः सही करताना बून शब्दाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर घालायचा. कारकून मात्र कानाला ऐकू येईल तसं लिहीत. ‘ई’ नसलेलं बून, कधी बोन सुद्धा. शोधताना सगळी रूपं घालून बघा.

कुतूहल

मग मुलींचे वंशज? ते मोजतच नाहीत का?

दप्तरी

मोजतात, आणि मोजलेच पाहिजेत. चांगली आठवण केलीत. सुसॅनाचं लग्न विल्यम हेजशी, जेमायमाचं फ्लँडर्स कॅलवेशी, लेव्हिनाचं जोसेफ शोलशी, रिबेकाचं फिलिप गोशी. त्यामुळे डॅनियलचं रक्त असलेल्या अनेक कुटुंबांचं आडनाव आज हेज, कॅलवे, शोल किंवा गो असेल, नाहीतर त्यांच्याही लेकींच्या सासरचं काहीतरी वेगळंच. बून आडनावाचा माणूस डॅनियलचा वंशज नसतो आणि शेजारचा कॅलवे असतो, असं प्रत्यक्षात घडतं.

जेमायमाची हकीकत केंटकीत आजही सांगतात. जुलै 1776 मध्ये ती आणि कॅलवे घरातल्या दोन बहिणी नदीत होडीतून जात असताना शॉनी आणि चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या लोकांनी त्यांना पकडून नेलं. बापाने माग काढत जाऊन त्यांना सोडवलं. माग काढणाऱ्यांत फ्लँडर्स कॅलवेही होता, पुढे तोच तिचा नवरा झाला.

रानवाटा

चर्चा छान चाललीय, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण ‘पहिला वसाहतकार’ म्हणतो तेव्हा तो मुलूख रिकामा नव्हता. 1768 मध्ये फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉय या मूळ रहिवासी जमातींच्या संघाने ओहायो नदीच्या दक्षिणेचा प्रदेश इंग्रजांना देऊन टाकला. तिथे शिकार करणाऱ्या शॉनी लोकांना कोणी विचारलंच नाही. 1775 मध्ये जमिनींचे व्यवहार करणाऱ्या रिचर्ड हेंडरसनने सिकॅमोर शोल्सला चेरोकी सरदारांकडून जमीन विकत घेतली. ते सरदारांतल्या सर्वांनाच मान्य नव्हतं. व्हर्जिनियाने ती खरेदी पुढे रद्दही ठरवली. बूनच्या दोन मुलांचे मृत्यू वाचताना वाईट वाटतं, पण शॉनी घरांतही तेव्हा मुलं मरत होती. कुलवृत्तांत लिहिणार असाल तर ही बाजूही त्यात यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दप्तरी

रानवाटा, पूर्ण सहमत. आणि ही दोन्ही घरं एकमेकांत गुंतलेलीही आहेत. फेब्रुवारी 1778 मध्ये मीठ काढायला गेलेल्या बूनला आणि त्याच्या सोबत्यांना शॉनींनी पकडलं. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश. त्याने बूनला दत्तक घेतलं आणि शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव, असं नाव ठेवलं. जूनमध्ये गढीवर हल्ला होणार असं कळल्यावर बून निसटला आणि सुमारे 160 मैल चार दिवसांत तुडवत बून्सबरोला पोचला. सप्टेंबरात वेढा पडला. त्यानंतर त्याच्यावर फितुरीचा आरोप ठेवून लष्करी चौकशी झाली, तीत तो निर्दोष सुटला. दत्तक बापाविरुद्ध गढी लढवणारा मुलगा, असा तो वेढा होता. माझ्या मते बूनच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ हाच.

सायली_एच

आणखी एक बाजू. बून कुटुंबाकडे गुलाम होते. 1787 च्या कराच्या नोंदीत डॅनियलच्या नावावर सात आहेत. मिसूरीत म्हातारपणी त्याच्यासोबत शिकारीला जाणारा डेरी कोबर्न हा डॅनियल मॉर्गनच्या मालकीचा गुलाम होता. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या जनगणनेत मालकाचं नाव असतं आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. नाव नाही. पूर्वी गुलाम असलेल्या बहुतेकांचं नाव जनगणनेत पहिल्यांदा येतं ते 1870 मध्ये. काही कृष्णवर्णीय कुटुंबांत मालकाचं आडनाव पुढे चालत आलं. त्यांचा शोध 1870 च्या मागे नेण्यासाठी मालकाचं मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी हाच मुख्य आधार, कारण तिथे गुरंढोरं आणि भांड्यांच्या रांगेत माणसांची नावं लिहिलेली असतात.

म्हणून धागाकर्तीताईंना सांगणं: बून नावाच्या कुठल्याही मृत्युपत्रात अशी नावं दिसली तर तीही उतरवून ठेवा. दुसऱ्या कुणाच्या तरी पणतीला त्याच एका ओळीची गरज असते.

नदीपलीकडे

नक्की उतरवेन. वेगळी वहीच करते.

पैठणकर

डीएनए चाचणीने सोक्षमोक्ष लागणार नाही का? थुंकी पाठवली की झालं असं सगळे म्हणतात.

सायली_एच

थोडाफार उपयोग होतो, निकाल लागत नाही. पुरुषवंशाची जी चाचणी असते ती बापाकडून मुलाकडे जाणारं गुणसूत्र तपासते. विहीणबाईंच्या माहेरचा, बून आडनावाचा भाऊ किंवा भावाचा मुलगा ती देऊ शकेल, भाचा नाही. जुळलं तर इतकंच कळेल की हे त्या जॉर्ज बूनच्या घराण्यातले. डॅनियलचे की त्याच्या भावाचे, हे सहसा त्यातून वेगळं करता येत नाही, कारण सख्ख्या भावांचं ते गुणसूत्र जवळपास एकच.

सर्वसाधारण चाचणी, जिच्यात सगळे नातेवाईक दिसतात, ती सात-आठ पिढ्यांमागे फार क्षीण होते. त्या अंतरावरच्या बहुतेक भावंडांत एकही सामाईक तुकडा उरत नाही. शिवाय बून आणि ब्रायन घराण्यांत साटंलोटं झालेलं. डॅनियलची बायको रिबेका ब्रायन, भाऊ एडवर्डची बायको तिचीच बहीण मार्था ब्रायन, बहीण मेरीचा नवरा विल्यम ब्रायन. एडवर्डची मुलं डॅनियलच्या मुलांशी आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून जोडलेली. अशा ठिकाणी डीएनए नातं आहे त्याहून जवळचं दाखवतो.

लेक्सिंग्टनकर

वरच्या पिढ्यांसाठी क्वेकरांच्या नोंदी म्हणजे खजिना. जन्म, लग्न, गाव सोडताना दिलेले दाखले, आणि बहिष्कारसुद्धा. थोरल्या मुलीने पंथाबाहेर लग्न केलं तेव्हा स्क्वायर बूनला सभेपुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. 1747 मध्ये मुलगा इझ्राएल (डॅनियलचा भाऊ, मुलगा नव्हे) यानेही पंथाबाहेर लग्न केलं. या वेळी बाप मुलाच्या बाजूने ठाम उभा राहिला आणि 1748 मध्ये बापालाही पंथाबाहेर काढलं. दोन वर्षांत घर गाव सोडून निघालं. घराण्याच्या स्थलांतरामागचं कारण इतकं स्पष्ट कागदावर मिळणं दुर्मीळ.

या नोंदी वाचताना तारखा जपून. क्वेकर महिन्यांची नावं लिहीत नसत, आकडे लिहीत. आणि 1752 च्या आधी इंग्रजी वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, म्हणून पहिला महिना मार्च, आठवा ऑक्टोबर. डॅनियलचा जन्म आठव्या महिन्याच्या 22 तारखेचा, म्हणजे 22 ऑक्टोबर 1734. पंचांग बदलल्यावर अकरा दिवसांची भर पडून तो 2 नोव्हेंबर होतो. आंतरजालावरच्या असंख्य वंशावळींत याच गोंधळातून एकाच माणसाचे दोन-दोन जन्म दाखवलेत.

दप्तरी

आणखी एक ठिकाण सांगायचं राहिलं. लायमन ड्रेपर नावाच्या संग्राहकाने आयुष्यभर सरहद्दीवरच्या म्हाताऱ्यांना गाठून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. 1851 मध्ये तो मिसूरीत नेथन बूनच्या घरी गेला. डॅनियलच्या मुलांपैकी तेव्हा नेथन एकटाच जिवंत होता. तो आणि त्याची बायको ऑलिव्ह यांनी सांगितलेलं सगळं ड्रेपरने शेकडो पानांत टिपलं. ते दप्तर मॅडिसनच्या विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहे, सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) इतर ग्रंथालयांतही मिळतं. त्यात पुतण्या-भाच्यांची पत्रंही आहेत. ड्रेपरला बूनचं चरित्र पुरं करता आलं नाही, तरी त्याने गोळा केलं नसतं तर आज या घराण्याबद्दल आपल्याला निम्मंही कळलं नसतं. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आणि जमिनीचे दावे! केंटकीत एकाच जमिनीवर तीन-तीन जणांचे हक्क निघायचे, मोजणी झाडं आणि ओढे धरून केलेली. खटले वर्षानुवर्षं चालत. साक्षीदार सांगत, अमुक साली मी इथे तळ ठोकला होता, सोबत माझा मेहुणा होता, त्याचं वय तेव्हा इतकं. अशा जबान्यांतून नाती आणि वयं आपोआप बाहेर येतात. बूनने स्वतः याच गोंधळात केंटकीतली जमीन गमावली. मिसूरीत स्पॅनिश अमलात मिळालेले 1000 आर्पांही (आर्पां हे जमीन मोजायचं जुनं फ्रेंच माप) पुढे अमेरिकन सरकारने नाकारले. 1814 मध्ये काँग्रेसने ते परत मंजूर केले, ते त्याने जुनी देणी फेडायला विकले.

नदीपलीकडे

मंडळी, थोडी प्रगती कळवते. मृत्यूदाखला मिळाला, विहीणबाईंच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव डॅनियल आणि जन्म केंटकी, बायबलशी जुळतंय. 1850 च्या जनगणनेत तो डॅनियल एका जॉर्ज बूनच्या घरात सापडला. नातं लिहिलेलं नाही, लेक्सिंग्टनकरांनी सांगितलं होतं तसंच. पण त्या जॉर्जच्या मृत्यूनंतरच्या वाटणीचे कागद त्याच परगण्याच्या न्यायालयातून मागवले, त्यात वारसांत ‘मुलगा डॅनियल, आता मिसूरीस’ अशी ओळ आहे! विहीणबाईंनी ती ओळ मला फोनवर तीनदा वाचून दाखवली.

त्याच कागदांत ‘हॅना, वय सुमारे 40’ आणि तिच्या दोन मुलांची नावं आहेत, किंमतीसह. सायली, त्या नोंदी वेगळ्या वहीत घेतल्या आहेत.

आता अडलंय ते असं. 1820 च्या सुमाराच्या करयादीत त्या परगण्यात दोन जॉर्ज बून आहेत. वयं माहीत नाहीत. आमचा कोणता?

लेक्सिंग्टनकर

फार छान काम केलंत! हॅनाच्या नोंदीचा फोटोही जपून ठेवा.

दोन जॉर्जांचं उत्तर त्याच यादीत आहे. केंटकीच्या करयादीत नावापुढे एकर असतात, आणि त्यापुढच्या रकान्यात जमीन कोणत्या ओढ्यावर आहे ते लिहिलेलं असतं. पलीकडे ती जमीन मुळात कोणाच्या नावे नोंदली, मोजली आणि मंजूर झाली तीही नावं. वाटणीच्या कागदात तुमच्या जॉर्जच्या जमिनीचा ओढा नक्की दिलेला असेल. तो ओढा धरून एकेक वर्ष मागे जा. ज्या वर्षी त्या ओढ्यावर जॉर्जचं नाव पहिल्यांदा येतं, त्याच्या आदल्या वर्षी तीच जमीन कोणाकडे होती ते बघा, आणि त्या घरात एकवीस वर्षांवरचे पुरुष एकाने कमी झाले का तेही. मग खरेदीखतांचं पुस्तक उघडा. बापाने मुलाला जमीन दिली असेल तर बहुतेक वेळा रक्कम नाममात्र असते, एक डॉलर ‘आणि प्रेमापोटी’.

ओढ्याचं नाव इथे टाका. नकाशा माझ्याकडे आहे.

नदीपलीकडे

विहीणबाई कागद काढताहेत. उद्या टाकते.